पूना हॉर्सचा ज्यू लेफ्टनंट

दरवर्षी सप्टेंबरचा शेवट जवळ आला की हैफाच्या लढाईचे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या घोडेस्वारांनी तुर्कांच्या ताब्यातले, आज इस्रायलमध्ये असलेले हैफा शहर जिंकले, ही गोष्ट खरी. तिच्या शेपटाला हमखास एक वाक्य लावलेले असते : आपल्या सैनिकांनी ज्यूंसाठी रक्त सांडले. ते मात्र नंतर चिकटवलेले आहे. ते स्वार ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने तुर्की साम्राज्याशी लढत होते, आणि इस्रायल नावाचे राष्ट्र जन्माला यायला अजून तीस वर्षे होती.

भारतीय घोडदळ आणि ज्यू यांचा संबंध शोधायचाच असेल, तर त्याच महायुद्धातली चार वर्षे आधीची एक हकिगत आहे. ती फारशी फिरत नाही. माणूस लंडनचा, धर्माने ज्यू. पलटण पूना हॉर्स, म्हणजे थेट पुण्याच्या नावाची. हाताखालचे सवार राजपूत आणि मुसलमान. मरण फ्रान्सच्या चिखलात, आणि घोडदळाचा अधिकारी असूनही तेव्हा त्याच्याजवळ घोडा नव्हता. लेफ्टनंट फ्रँक अलेक्झांडर डी पास हे त्याचे नाव. वय २७.

एवढी ओळख वाचूनच डोक्यात चार-पाच प्रश्न येतात. पुण्याशी याचा काय संबंध? ज्यू माणूस इंग्रजांच्या फौजेत अधिकारी कसा? घोडे कुठे गेले? आणि इंग्रज धर्म बघत नसतील, तर आपल्या कोकणातले ज्यू त्याच पदावर का दिसत नाहीत? शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, पण तिथवर पायरीपायरीने जाऊ.

नाव पुण्याचे, माणसे कुठली?

जून १८१७ मध्ये इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाच्या गळ्यात पुण्याचा तह मारला. त्यातले एक कलम असे, की पेशव्यांनी तोडून दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नातून इंग्रजांनी एक फौज उभी करायची. त्यातून जे घोडदळ उभे राहिले ते पूना ऑक्झिलरी हॉर्स. थोडक्यात, पैसा पेशव्यांचा आणि लगाम इंग्रजांच्या हातात. सहा-सात महिन्यांतच, १ जानेवारी १८१८ ला, याच घोडदळाचे अडीचशेच्या आसपास स्वार कोरेगाव भीमाला पेशव्यांच्या फौजेसमोर उभे होते. कोरेगाव म्हटले की आपल्याला महार सैनिक आणि तो स्तंभ आठवतो, ते योग्यच आहे. पण हे स्वारही त्या दिवशी तिथे होते, आणि ‘कोरेगाव’ हा लढाईचा मान पूना हॉर्सने पुढे मिरवला.

१९१४ पर्यंत मात्र सगळे बदलले होते. पलटणीचे पूर्ण नाव ३४वी प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर्स ओन पूना हॉर्स. भरती राठोड राजपूत, कायमखानी मुसलमान आणि पंजाबी मुसलमान यांची. मुक्काम सिकंदराबादला. पुणे उरले ते नावापुरते. शंभर वर्षांत इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’ नावाचा सिद्धांत काढला होता : अमुक जाती जन्मतः शूर, तमुक नाहीत. त्या चाळणीतून राजपूत आणि पंजाबी वर राहिले, आणि ज्यांनी मुंबई इलाख्याची फौज उभी केली होती त्यांतले बरेच खाली पडले. ही चाळणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक जुनी गोष्ट तेवढी टिकून होती : शिलेदारी. शिवकाळापासून आपल्याकडे स्वार दोन प्रकारचे. बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. इंग्रजांनी ही पद्धत जशीच्या तशी उचलली. सवार भरती होताना रक्कम भरायचा, तिला ‘असामी’ म्हणत. तिच्यातून घोडा, खोगीर, कपडे. सरकार द्यायचे ते मुख्यतः पगार आणि बंदूक. शांततेच्या काळात स्वस्त आणि मस्त व्यवस्था. फ्रान्समध्ये घोडे शेकड्याने मरू लागल्यावर ती कोलमडली. कोणता शिलेदार मार्सेलच्या बंदरात जाऊन स्वतःच्या पैशाने नवा घोडा घेणार? महायुद्ध संपल्यावर ती मोडीतच निघाली.

ज्यू माणूस साहेबांच्या फौजेत कसा?

डी पासचे घराणे सेफार्डी, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंपैकी. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले, पाच वर्षांनी पोर्तुगालने ‘ख्रिस्ती व्हा’ म्हणून जबरदस्ती केली. त्यांतले काही फिरत फिरत इंग्लंडचा सत्ताधारी क्रॉमवेल याच्या काळात, १६५६ नंतर, लंडनला उघडपणे राहू लागले. व्यापारात जम बसला तरी राजकीय हक्क मिळायला दोनशे वर्षे गेली. संसदेत बसायचे तर ख्रिस्ती शब्दांत शपथ घ्यावी लागे. १८५८ मध्ये कायदा बदलला आणि लायोनेल डी रॉथशील्ड हा पहिला ज्यू खासदार आपल्या पद्धतीने शपथ घेऊन सभागृहात बसला.

फ्रँकचा जन्म त्यानंतर २९ वर्षांनी, २६ एप्रिल १८८७ चा. वडील वेस्ट इंडिजच्या मालाचे व्यापारी, घर लंडनच्या केन्सिंग्टनचे, शाळा रग्बी नावाची, बड्या घरांतल्या मुलांची. मग वुलिचची रॉयल मिलिटरी अकॅडमी. १९०६ मध्ये तोफखान्यात नेमणूक, १९०९ मध्ये बदलून पूना हॉर्समध्ये. पोलो आणि घोडेस्वारीचा शौक असलेल्या, खिसा अगदीच रिकामा नसलेल्या तरुण इंग्रजाला भारतीय घोडदळ फार आवडे. पगार बरा, नोकरचाकर स्वस्त, घोडे भरपूर. युद्धाआधी तो काही काळ भारतातले चीफ ऑफ जनरल स्टाफ सर पर्सी लेक यांच्या दिमतीला होता. कचेरीतली ऐट सोडून तो फ्रान्सला गेला तो पलटणीबरोबर.

त्याच्या नेमणुकीचे साल पाहा, १९०६. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रान्सच्या वरिष्ठ न्यायालयाने कॅप्टन आल्फ्रेड ड्रायफस याला निर्दोष ठरवले. ड्रायफसही ज्यू, तोही तोफखान्यातला. १८९४ मध्ये त्याच्यावर हेरगिरीचा खोटा आळ आला, बिल्ले भर परेडीत तोडले गेले, आणि त्याला डेव्हिल्स आयलंड नावाच्या कैद्यांच्या बेटावर डांबले गेले. बारा वर्षे अख्खा फ्रान्स त्यावरून दुभंगला होता. जर्मनीत तर प्रशियाच्या फौजेने १८८५ पासून महायुद्ध सुरू होईपर्यंत एकाही ज्यूला राखीव अधिकारी केले नाही. वकील असो, प्राध्यापक असो, बाप्तिस्मा घेतला नसेल तर दार बंद.

म्हणजे इंग्रज ज्यूंवर प्रेम करत होते का? तसेही नाही. १९०५ मध्ये ब्रिटनने परदेशी लोकांना आवरणारा एलियन्स अ‍ॅक्ट केला, तो मुख्यतः रशियाकडून पळून येणाऱ्या गरीब ज्यूंना डोळ्यांसमोर ठेवून. रग्बीत शिकलेला, घोड्यावर मांड पक्की असलेला, उच्चार शुद्ध असलेला ज्यू चालत असे. लंडनच्या पूर्वेकडच्या गल्लीतला शिंपी ज्यू तितका चालत नसे. वर्ग हा धर्मापेक्षा मोठा परवाना होता. १९१४ मध्ये ‘ज्युइश क्रॉनिकल’ या साप्ताहिकाने कचेरीबाहेर फलक लावला होता, त्याचा आशय असा : इंग्लंडने ज्यूंसाठी होईल ते सगळे केले, आता ज्यू इंग्लंडसाठी होईल ते सगळे करतील. त्यात कृतज्ञता आहे, आणि आपल्याला अजून काही सिद्ध करायचे आहे अशी धाकधूकही आहे. या युद्धात ब्रिटिश फौजांमधून सुमारे ५० हजार ज्यू लढले.

जर्मनीचे ज्यूही याच हिरिरीने गेले, सुमारे एक लाख. युद्ध सुरू झाल्यावर अधिकारपदाचे दार किलकिले झाले, पण ऑक्टोबर १९१६ मध्ये युद्धखात्याने फौजेतल्या ज्यूंची वेगळी मोजदाद काढली. ज्यू आघाडी टाळतात, हा आरोप तपासण्यासाठी. निष्कर्ष सरकारने त्या वेळी जाहीर केले नाहीत. सुमारे १२ हजार जर्मन ज्यू त्या युद्धात मेले.

घोडदळ, पण घोडे कुठे?

ऑक्टोबर १९१४ मध्ये सिकंदराबाद घोडदळ ब्रिगेड मार्सेलला उतरली. तिच्यात तीन पलटणी : गोऱ्यांची ७वी ड्रॅगून गार्ड्स, २०वी डेक्कन हॉर्स आणि ३४वी पूना हॉर्स. बरोबर जोधपूरचे लान्सर्स, म्हणजे भालाईत घोडेस्वारही होते, तेच ज्यांनी पुढे हैफा घेतले. जहाजांतून घोडे, भाले, तलवारी, खोगिरे सगळे आले होते. चार्जची, म्हणजे घोडा फेकून शत्रूवर तुटून पडण्याची, तयारी होती.

तोवर युद्धाची तऱ्हाच बदलली होती. स्वित्झर्लंडच्या सीमेपासून उत्तर समुद्रापर्यंत दोन्ही बाजूंनी जमीन खणून खंदकांची सलग रांग झाली होती. समोर काटेरी तार, तारेमागे मशीनगन. घोडा हे मशीनगनसाठी भलेमोठे निशाण, आणि तारेत अडकलेला घोडा सुटत नाही. त्यामुळे घोडे कित्येक मैल मागे गावांत बांधून ठेवले आणि स्वारांना पायदळासारखे खंदकात उतरवले. आकड्याने हे आणखीच तोकडे पडे. घोडदळाच्या पलटणीत मुळात माणसे कमी, त्यांतली काही घोडे सांभाळायला मागे. पायदळाच्या हजारभर माणसांच्या पलटणीची जागा घ्यायला घोडदळाची पलटण गेली, की खंदकात माणसामाणसांतले अंतर वाढलेच.

त्यात हवा. भारतातून निघालेल्या फौजेचे गणवेश गरम देशाचे, लोकरीचे कपडे मागाहून आले. उत्तर फ्रान्समधल्या फेस्तुबेर गावाभोवतीची जमीन सखल आणि पाणथळ. दोन-तीन फूट खणले की पाणी लागे. कंबरेपर्यंत गार चिखल, वर नोव्हेंबरचे हिव. राजपुतान्यातल्या वाळवंटी गावातला माणूस तिथे उभा आहे, एवढे डोळ्यांसमोर आणा, बाकी वर्णन नको.

पूना हॉर्सला पहिला फटका बसला तो २ नोव्हेंबरला. न्यूव्ह शापेलजवळ पलटणीचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल सी. ओ. स्वान्स्टन मारला गेला. कोरेगावच्या लढाईत या घोडदळाच्या तुकडीवर जो इंग्रज अधिकारी होता, त्याचेही आडनाव स्वान्स्टनच होते.

२४ नोव्हेंबरला नेमके काय घडले

इथे दोन शब्द समजून घ्यावे लागतील. पहिला ‘सॅप’. मुख्य कालव्यातून शेताच्या दिशेने पाट काढावा, तसा मुख्य खंदकातून शत्रूच्या दिशेने खणत नेलेला अरुंद चर म्हणजे सॅप. रात्री गुपचूप खणायचा, जमिनीच्या पातळीखालून सरकत शत्रूच्या नाकाशी जायचे, आणि तिथून बाँब फेकायचे. दुसरा शब्द ‘ट्रॅव्हर्स’. खंदक किंवा चर कधीच सरळ ठेवत नाहीत. मध्ये मध्ये मातीची जाड आडभिंत सोडून त्याला वळण देतात. चर सरळ असला तर एका टोकाला घुसलेला माणूस दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांना गोळ्या घालील. आडभिंत असली की गोळीही अडते आणि बाँबचा स्फोटही तेवढ्याच कप्प्यात राहतो.

२३ नोव्हेंबरला जर्मनांनी फेस्तुबेरजवळ भारतीय खंदकांवर मोठा हल्ला केला. बाँबच्या जोरावर ते आत घुसले. त्यांच्याकडे कारखान्यात बनलेले हातबाँब होते. आपल्या बाजूला सॅपर्स-मायनर्स, म्हणजे फौजेतले खणकाम-बांधकाम करणारे शिपाई, जामच्या रिकाम्या डब्यांत स्फोटक आणि लोखंडाचे तुकडे भरून वात लावून देत होते. वात कधी लवकर जळे, कधी ओली होऊन विझे. त्या रात्री गढवाल रायफल्सने गेलेले खंदक एकेका वळणावर झुंजून परत घेतले. नाईक दरवान सिंह नेगी दोनदा डोक्याला आणि एकदा हाताला जखम होऊनही प्रत्येक आडभिंतीला पहिला वळसा घालत राहिला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचे सर्वोच्च ब्रिटिश पदक मिळाले.

याच धामधुमीत पूना हॉर्सची तुकडी पुढच्या खंदकात आली. डी पासने पाहिले, की जर्मनांचा एक सॅप आपल्या खंदकाच्या अगदी तोंडाशी येऊन भिडला आहे. तिथून कधीही बाँबवर्षाव होणार. वाट बघत बसायचे, की आपणच आत जायचे?

तो आत गेला. बरोबर सवार होते, स्फोटकाचा गठ्ठा होता. सरपटत, शत्रूच्याच चरातून, जर्मनांच्या आडभिंतीपर्यंत. त्या भिंतीच्या पलीकडे माणसे बसलेली, बोलली तर ऐकू यावीत इतकी जवळ. ते वरून बाँब टाकत असतानाच गठ्ठा भिंतीला लावला, पेटवला आणि उडवला. आडभिंत ढासळली आणि चराचा बराचसा भाग उघडा पडला. आता तिथे बसणारा जर्मन थेट पूना हॉर्सच्या नेमात होता. वरवर पाहता ही थोडी माती उडवण्याची गोष्ट, पण तिच्यामुळे त्या खंदकातल्या माणसांना पुढचे काही तास श्वास घेता आला.

नंतर दिवसाउजेडी त्याने आणखी एक काम केले. दोन खंदकांमधल्या उघड्या जागेत एक हिंदी शिपाई जखमी होऊन पडला होता. त्या जागेत डोके वर काढणे म्हणजे मरणाला आमंत्रण. डी पास तोफा-बंदुकांच्या माऱ्यात बाहेर पडला आणि त्याला उचलून आत घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी, २५ नोव्हेंबरला, जर्मनांनी तो चर पुन्हा काबीज केला होता. तो परत घेण्याच्या प्रयत्नात डी पास मारला गेला. सरकारी गॅझेटात एवढेच आहे. पलटणीकडून आलेल्या हकिगतीत शत्रूच्या दबा धरून बसलेल्या नेमबाजाची गोळी लागल्याचे येते. दोन्हींत विरोध नाही. त्या चराच्या तोंडाशी उभे राहणे हाच हल्ला होता. त्याला बेथ्यून शहराच्या दफनभूमीत पुरले. तेव्हा तिथे फौजेचा ज्यू धर्मगुरू नव्हता : ब्रिटिश फौजेबरोबर आघाडीवर गेलेला पहिला ज्यू धर्मगुरू मायकेल अ‍ॅडलर फ्रान्सला पोचला तो १९१५ मध्ये.

व्हिक्टोरिया क्रॉस मेलेल्याला मिळतो?

हा प्रश्न रास्त आहे, कारण सुरुवातीला मिळत नसे. राणी व्हिक्टोरियाने १८५६ मध्ये हे पदक सुरू केले तेव्हा ते जिवंत माणसासाठी होते. शूर माणूस मेला, तर ‘जगला असता तर शिफारस केली असती’ एवढे छापून येई. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी हे बदलले, आणि कागदोपत्री नियम स्पष्ट झाला १९२० मध्ये. डी पासचे पदक १८ फेब्रुवारी १९१५ च्या गॅझेटात जाहीर झाले. पहिल्या महायुद्धात हे पदक मिळालेला तो पहिला ज्यू. पुढे इस्सी स्मिथ, लेनर्ड कीझर, जॅक व्हाइट अशी आणखी नावे आली. त्याच्या पदकाच्या मजकुरात धर्माचा उल्लेख कुठेही नाही. त्याचे पदक आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

भारतीय सैनिकांना हे पदक मिळू शकेल असे १९११ मध्ये, दिल्ली दरबाराच्या वेळी ठरले. त्याआधी पन्नासेक वर्षे ते लढत होते, मरत होते, आणि शौर्याचे सर्वोच्च पदक त्यांच्यासाठी नव्हते.

हाताखालच्यांना धर्म खटकला नाही?

याचे उत्तर लोकांना वाटते त्यापेक्षा साधे आहे. राठोड राजपुताला किंवा पंजाबी मुसलमानाला गोरा अधिकारी म्हणजे ‘साहेब’. साहेब चर्चमध्ये जातो की सिनेगॉगमध्ये, याने त्याच्या रोजच्या जगण्यात काही फरक पडत नव्हता. फरक पडे तो यात : साहेबाला आपली भाषा येते का, घोडा बसता येतो का, रजेचा अर्ज वेळेवर पुढे जातो का, आणि गोळीबारात तो आपल्या मागे राहतो की पुढे. भारतीय फौजांच्या फ्रान्समधल्या कामगिरीचा इतिहास १९१७ च्या सुमारास छापला गेला. त्यात डी पासचे वर्णन आपल्या माणसांचा अतिशय लाडका अधिकारी असे आहे. अशा ग्रंथांत मेलेल्या अधिकाऱ्याला कोणी नावे ठेवत नसते, ही खूणगाठ बांधून ते वाचावे. तरीही मरण समोर दिसत असताना सवार त्याच्याबरोबर चरात उतरले, हे छापील कौतुकापेक्षा वजनदार आहे.

सवार का लढत होते, याचे उत्तर राष्ट्रप्रेमात शोधू नये. पगार, गावातली इज्जत, जमीन मिळण्याची आशा, ‘नमक’ खाल्ल्याची भावना, आणि शेजारच्या खंदकात उभा असलेला आपल्याच गावचा माणूस. फ्रान्सहून घरी जाणारी त्यांची पत्रे इंग्रज उघडून वाचत आणि त्यांचे उतारे वरिष्ठांना पाठवत. त्यामुळे ती आज आपल्याला वाचता येतात. त्यांत शौर्यही आहे, आणि ‘भावाला भरती होऊ देऊ नका’ असा आडवळणाने दिलेला इशाराही आहे.

मग आपल्या ज्यूंचे काय?

आता मूळ मुद्दा. डी पास ज्यू होता, तरी पूना हॉर्सचा अधिकारी होऊ शकला. त्याच वेळी कोकणात आणि खुद्द पुण्यात मराठी बोलणारे ज्यू राहत होते : बेने इस्रायल. आडनावे दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर. पूर्वी अलिबाग-पेणच्या बाजूला तेल गाळायचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनवार तेली’. अठराव्या शतकापासून हे लोक मुंबईच्या फौजेत होते. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारीच. टिपूविरुद्धच्या युद्धात कैद होऊन सुटून आल्यावर त्यांनी ते बांधले, असे समाजात सांगतात. एकोणिसाव्या शतकात कितीतरी बेने इस्रायल घराण्यांत सुभेदार आणि सुभेदार-मेजर झाले.

सुभेदार-मेजर. तिथेच भिंत होती. त्या काळच्या भारतीय फौजेत अधिकाऱ्यांच्या दोन पातळ्या होत्या. वरची राजाच्या सहीच्या नेमणुकीची, तिला किंग्ज कमिशन म्हणत. लढाऊ पलटणीत ती फक्त गोऱ्यांची. खालची व्हाइसरॉयच्या नेमणुकीची, ती भारतीयांची : पायदळात जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर, घोडदळात जमादार, रिसालदार, रिसालदार-मेजर. पंचवीस वर्षे नोकरी झालेला, छातीवर पदकांची ओळ असलेला रिसालदार-मेजर हा कालच लंडनहून आलेल्या मिसरूड फुटलेल्या लेफ्टनंटच्या हाताखाली. मग तो रिसालदार हिंदू असो, मुसलमान असो, ज्यू असो.

आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती ‘लढाऊ जातीं’ची चाळणी आली. जातवार तुकड्या करायच्या ठरल्यावर ज्यांची संख्या कमी, त्यांना जागाच उरली नाही. बेने इस्रायल फौजेतून ओसरत गेले आणि कारकुनी, रेल्वे, शिक्षण, डॉक्टरकी यांकडे वळले. महारांची भरती तर बंदच झाली. गोपाळबाबा वलंगकरांना त्याविरुद्ध अर्ज करावा लागला, आणि सुभेदार रामजी सकपाळांच्या पिढीनंतर ती वाट बराच काळ बुजली. कोरेगावला पायी लढलेले महार बाद झाले आणि कोरेगावच्या घोडदळाचे नाव तेवढे राजपुतांच्या खांद्यावर फ्रान्सला गेले.

म्हणून डी पासची गोष्ट ‘इंग्रज किती उदार’ याचा दाखला म्हणून कोणी पुढे केली, तर विचारावे : कोणत्या बाबतीत? धर्माच्या बाबतीत ते फ्रान्स-जर्मनीपेक्षा नक्कीच पुढे होते. पण त्यांनी धर्माची भिंत पाडली ती गोऱ्या ज्यूसाठी. पुण्यातल्या एखाद्या बेने इस्रायल तरुणाने डी पासइतकीच इंग्रजी शिकून, तितकीच घोडेस्वारी करून पूना हॉर्समध्ये लेफ्टनंट व्हायचे म्हटले असते, तर त्याला वुलिचचे फाटकही उघडले नसते. तो ज्यू म्हणून नव्हे, हिंदुस्थानी म्हणून.

‘हे सगळे साहेबांचे, आपण का वाचायचे?’

हा आक्षेप मला पटतो आणि पटत नाहीही. पटतो तो यासाठी, की डी पासची कबर आहे, तिच्यावर नाव आहे, २०१४ मध्ये शंभर वर्षे झाली म्हणून लंडनमध्ये त्याच्या नावाची स्मृतिशिलाही बसवली. त्याच्याबरोबर त्या युद्धात गेलेल्या हजारो भारतीयांची राखसुद्धा सापडत नाही. न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर, ज्यांना कबर नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरली आहेत. ती कोण वाचतो?

पटत नाही, कारण त्या खंदकातले हे लोक सुटे करताच येत नाहीत. पूना हॉर्सचेच पाहा. १९१८ च्या सुरुवातीला ती फ्रान्सहून पॅलेस्टाइनला गेली. हैफा घेणारी ब्रिगेड आणि पूना हॉर्स एकाच घोडदळ डिव्हिजनमध्ये होत्या. तिथल्या मोकळ्या मैदानात घोडदळाला पुन्हा घोड्यावर बसता आले. मग १९२०च्या दशकात दुसऱ्या पलटणीशी विलीनीकरण, नंतर घोड्यांच्या जागी रणगाडे, आणि फाळणीनंतर भारताच्या वाट्याला. १९६५ मध्ये फिल्लौराच्या बाजूला लढाईत पडलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर पूना हॉर्सचे. १९७१ च्या १६ डिसेंबरला बसंतर नदीपलीकडे जळत्या रणगाड्यातून न उतरलेला अरुण खेत्रपाल पूना हॉर्सचाच. दोघांनाही परमवीर चक्र. आणि ज्या दिवशी खेत्रपाल पडला त्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानच्या शरणागतीची बोलणी पार पाडणारे मेजर जनरल जे. एफ. आर. जेकब हे कोलकात्याचे बगदादी ज्यू होते.

राजाचे कमिशन भारतीयांना लढाऊ पलटणींत मिळू लागले ते १९१७ पासून, आधी नऊ जणांना, मग अगदी थेंबाथेंबाने. जेकब १९४० च्या दशकात अधिकारी म्हणून आत आले. बेने इस्रायलांपैकी बेंजामिन अब्राहम सॅमसन नौदलात गेले, व्हाइस अ‍ॅडमिरल झाले, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुखही होते. १९१४ च्या नियमांनी त्यांना सुभेदार-मेजरच्या पुढे जाऊ दिले नसते.